मलावीच्या ओढ्यावर काकीचं गाऱ्हाणं

सुमनकाकी काल पहाटे गेली आणि मी पहिला फोन आफ्रिकेत लावला.

मुंबईच्या नातेवाइकांनो, रुसू नका. तुमचा नंबर दुसरा होता.

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सुमनकाकी म्हणजे माझी सख्खी चुलती. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. काकी शाळा शिकली जेमतेम. कामाला वाघीण, आणि तोंडाला त्याहून.

पाऊस सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, त्या ओढ्यात, आमच्या भाषेत वहाळात, आडव्या रचायच्या आणि पाणी अडवायचं. याला वनराई बंधारा म्हणतात. काकीच्या बचत गटाने हे काम इतकं मनावर घेतलं की आसपासच्या वाड्या तिला बोलवायला लागल्या.

ते बघून पुण्याच्या एका संस्थेने विचारलं, "काकी, मलावीला याल? आफ्रिकेत. पगार नाही हं, व्हॉलंटियर म्हणून."

"चुलीपुढनं उठायला मिळतंय ना? मग येते की."

काका म्हणाले, "अगो, इंग्रजीचा पत्ता नाय तुला. तिथं बोलशील काय?"

"तुमच्याशी इतकी वर्सं मराठीत बोलतेय, तुमाला तरी कुठं कळलं?"

वाडीत चेष्टा झाली. सुमन चालली मडमीण व्हायला! काकी मला हळूच म्हणाली, "काम नाय झालं तर हितं तोंड दाखवायची सोय नाय गो मला."

तिथल्या पहिल्याच बाजारात तिला वाळवलेली बारीक मासळी दिसली. लगेच व्हिडिओ कॉल. "बघ गो, बघ! सुकट खातात! ही तर आपलीच मानसं!"

पण आपली माणसं कामाला काही येईनात.

सोबत संस्थेची ऋता होती. इंजिनियर, पुण्याची, काकीची दुभाषी. तिने मीटिंग घेतल्या, चित्रं दाखवली. लोक हसून मान डोलवायचे आणि घरी जायचे. ओढ्यावर गोण्या भरायला या दोघीच.

फोनवर काकीचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला मी. "हात हलवत परत यावं लागतंय वाटतं."

आणि मग तिची ट्यूब पेटली. "अगो, आपन इचारलंच नाय!"

आमच्याकडे गावकीचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ फोडायचा, जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगायचं की बाबा, आम्ही हे काम काढलंय, सांभाळून घे. दर वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, "होय महाराजा!"

गाऱ्हाणं घालणार पुरुष. बायका मागे उभ्या. काकीने लग्न होऊन आल्यापासून ते मागूनच ऐकलेलं.

ऋता वैतागली. "काकी, प्लीज! आपला धर्म इथे आणायचा नाही, रूल आहे."

"देव माझा कुठं हाय? वहाळ त्यांचा, देव बी त्यांचा. दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवत नाय काय तुमच्या पुन्यात?"

ऋता निघाली गावाला सांगायला. (पुणेकराने ऐकलं! नोंद घ्यावी.)

गावची प्रमुख एक म्हातारी होती. सगळे तिला आगोगो म्हणायचे, म्हणजे आजी. ही परदेशी बाई ओढ्याला काहीतरी विचारणार, हे ऐकून आगोगो आली आणि तिच्यामागे अर्धं गाव आलं.

नारळ कुठे मिळेना. काकीने बाजारातून भोपळा आणला होता. डोक्यावर उचलला आणि दिला दगडावर आपटून!

सगळे दोन पावलं मागे.

खायची वस्तू फोडते ही बाई? आगोगो अशी भडकली की विचारू नका.

पण सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यात सोडत नाहीत. काकीने हात जोडले. "हे वहाळाच्या राखनदारा! आमी परमुलखातल्या बाया. तुझं नाव ठावं नाय, चुकलंमाकलं पोटात घाल!"

आणि थांबली. होकार द्यायला कुणीच नव्हतं.

"होय महाराजा," ती स्वतःच म्हणाली.

"हितल्या लेकीसुनांची पान्याची वनवन थांबव!"

पुन्हा एकटीच. "होय महाराजा."

पुढच्या वाक्याला ऋता म्हणाली. ती रूलवाली ऋता! मग पोरंटोरं. मग अख्खा ओढा. आगोगो सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात मोठ्याने.

मग तिने काकीला झाप झाप झापलं, भोपळ्याचे तुकडे गोळा करायला लावले आणि दोघींनी मिळून शिजवले. काकीने त्यात सुकट घातली म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगोगो कुदळ घेऊन हजर. मागे घरटी एक माणूस.

बंधारा झाला. पाणी अडलं. माझी काकी ताठ मानेने परत आली.

गावकरांनी, म्हणजे आमच्या वाडीच्या पुढाऱ्याने विचारलं, "सुमन, बाईमानसानं गाऱ्हानं घातलं? चालतं काय?"

"तिकडच्या देवाला चाललं. हितल्याला तुमी इचारा."

त्यांनी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या बंधाऱ्यावर काकी पुन्हा मागेच उभी होती. मला भयंकर राग आला होता, आजही येतो.

काल काकीला अंगणात ठेवलं होतं तेव्हा ऋताचा व्हॉइस मेसेज आला. ती अजून तिकडेच काम करते, पहिला फोन मी तिलाच लावला होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

आगोगोचा थकलेला आवाज. त्यांच्या भाषेत. अर्थ ऋताने खाली लिहिला होता, मी तो रडत रडत मोठ्याने वाचला.

"त्या डोंगराच्या राखणदारा, तुझं नाव आम्हाला माहीत नाही. आमची सुमन तुझ्याकडे आली आहे. तिला सांभाळून घे."

आणि मागून अख्ख्या गावाचा आवाज, "होय महाराजा!"

मग गावकर पुढे आले. डोक्यावरची टोपी काढली, काकीपुढे हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"होय महाराजा!"

मागोमाग सगळी वाडी म्हणाली. बायका पुढे होत्या.

अभिमानाने ऊर भरून आलाय गो काकी. सावकाश जा. जाशील तिथे आधी कडी वाजव.

होय महाराजा.