आजींचं इंग्रजी
परवा सातूच्या पिठासाठी जव भाजत होते आणि त्या खरपूस वासाने हर्नडन गावच्या लायब्ररीतला माझा इंग्रजीचा वर्ग आठवला. लग्न होऊन अमेरिकेत येऊन मला चारच महिने झाले होते आणि नव्याने आलेल्या कोरियन बायकांना मी तिथे हौसेने शिकवायची. त्यातल्या एक आजी थर्मासमधून भाजलेल्या जवाचा चहा आणायच्या. थंडीतल्या एका सकाळी त्यांनी मला चहा दिला आणि पाठोपाठ मोबाइलही हातात ठेवला. “टीचर, हीटर नो. यू टॉक.” माझे उच्चार फोनवर कुणाला कळायचे नाहीत, म्हणून आमच्या घरचे फोनसुद्धा नवराच करायचा. पण सगळ्या बायका टीचरकडे बघत होत्या. मी त्यांच्या अपार्टमेंटच्या मॅनेजरला फोन लावून व्याकरणशुद्ध, लांबलचक विनंती केली. तो दोनदा “एक्सक्यूज मी?” म्हणाला. तेवढ्यात आजींनी फोन ओढून घेतला आणि ओरडल्या, “हीटर ब्रोकन! कोल्ड! कम टुडे!” पलीकडून लगेच उत्तर आलं, “येस मॅम, टुडे.” वर्गात टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जास्त हसले मी. त्याच दुपारी मी गॅस कंपनीला एकटीने पहिला फोन केला, अगदी आजींच्या इंग्रजीत. आता घरचे सगळे फोन मीच करते आणि नवरा शेजारून खुणावतो, “अगं, जरा हळू!”