पाव्हणा ओमानला जाऊ दे

मिरची वाळेपर्यंत माणसाला फारसं काम नसतं. ती उन्हात पडलेली, आपण सावलीत. मग चहा होतो, चहावर गप्पा होतात, आणि असे हंगामावर हंगाम गेले की किस्से इतके साचतात की कुठला कधीचा तेच कळेनासं होतं. आमच्या पथारीवर तर विषय एकच असल्यामुळे जास्तच गोंधळ. विषय म्हणजे समुद्र.

हसू नका. नंदुरबारला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाही नाही. पण कोरीट रोडला आमच्या पथारीवर या आणि कुणालाही विचारा, अरबी समुद्रात आज काय चाललंय. चहा गाळता गाळता सांगतील.

कारण साधं आहे. दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची येते. ती आम्ही उघड्या मैदानावर पसरतो, त्यालाच पथारी म्हणायचं. वर पत्रा नाही, छप्पर नाही, नुसतं आभाळ. आणि नेमकी त्याच दिवसांत तिकडे वादळं उठतात. वादळ गुजरातकडे वळलं की आमच्याकडे पाऊस, आणि एक सर जरी आली तरी मिरची डाग पडून पांढरी फटक होते. वर्षाची कमाई गेली. तेच वादळ पश्चिमेला ओमानकडे गेलं की आम्ही सुटलो. म्हणून आमच्या पथारीची प्रार्थना वर्षानुवर्षं ठरलेली आहे: ओमानला जाऊ दे.

मंडळी म्हणाल तर चारच. मी, मला सगळे बापू म्हणतात. माझे भागीदार कांतीशेठ, यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ अहिराणी माझ्यापेक्षा चांगली बोलतात. रनाळ्याचे दगाआबा, जे मिरची पिकवून आणून टाकतात आणि मग तिच्यासोबत स्वतःही इथेच मुक्काम ठोकतात. आणि सुमनमावशी, मिरची पसरणाऱ्या बायांची मुकादम. मालक आम्ही असलो तरी पथारी चालते ती मावशीच्या आवाजावर.

* * *

कांतीशेठच्या मोबाईलमध्ये वाऱ्याचं ॲप आहे. त्यात सगळा हिंदी महासागर दिसतो, वारा जिथे जोरात तिथे रंग लाल. शेठ सकाळी दूध प्यायच्या आधी ते उघडतात.

एकदा शेठाणींनी हट्ट धरला, म्हणून सगळं कुटुंब द्वारकेला गेलं. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. म्हणजे बघायला हवा होता. किनाऱ्यावर गेले, ऊन डोळ्यांवर यायला लागलं, तर समुद्राकडे पाठ करून उभे राहिले आणि मोबाईल उघडला.

शेठाणी म्हणाल्या, "अहो, मागे वळा. समुद्र मागे आहे."

शेठ म्हणाले, "तो सगळ्यांनाच दिसतोय. मी लक्षद्वीपचा बघतोय."

आल्यावर आम्ही विचारलं, समुद्र कसा होता? शेठ म्हणाले, "चांगला होता. पण यात बरा दिसतो."

* * *

हवामान खात्याच्या बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असतं: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. ते मी रोज मोठ्याने वाचतो. का वाचतो मला माहीत नाही, पण सुरुवात केली की माणूस शेवटपर्यंत वाचतो.

आबांना एकदा मेव्हण्याच्या घरी वास्तुशांतीला जायचं होतं. तापीच्या पलीकडे. आबांचं आणि मेव्हण्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नेमकी त्या सकाळी बातमी होती, समुद्र खवळलेला आहे, लाटा उंच आहेत, मच्छीमारांनी जाऊ नये. आबा तडक घरी गेले आणि बायकोला, म्हणजे आमच्या आजींना म्हणाले, "आपलं जाणं रद्द. सरकारनी मनाई करी शे."

आजींनी नऊवारीचा काष्टा घालता घालता विचारलं, "तुम्ही भाऊकडे मासा धराले जाई ऱ्हायनात का?"

आबा गेले वास्तुशांतीला. दुसऱ्या दिवशी पथारीवर आले तेव्हा मेव्हण्याने दिलेला टॉवेल खांद्यावर होता. त्यानंतर काही दिवस मी बातमी शेवटचं वाक्य सोडून वाचायचो.

* * *

वादळांना नावं देतात, हे आबांना अजिबात पसंत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वासरूले नाव ठेवं का ते घरनं व्हई जास," आबा म्हणाले. "मंग ते कथंबी गयं तरी सांजले घर येस. वावधनले नाव कसाले ठेवतस?"

त्या दिवसापासून आमच्या पथारीवर वादळाचं नाव घ्यायला बंदी आहे. टीव्हीवाले काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्याकडे त्याला पाव्हणा म्हणतात. पाव्हणा निघाला का? पाव्हणा कुठवर पोचला? पाव्हण्याचं लक्षण ठीक दिसत नाही.

मी म्हटलं, आबा, पाव्हणाही घरी येतोच की. आबा म्हणाले, येतो, पण जातो.

* * *

आता देवाचं. पथारीच्या कोपऱ्यात मारुतीचं लहानसं देऊळ आहे. समुद्रात पाव्हणा उठला की नारळ तिथे फुटतो. आणि फोडायचा मान कांतीशेठचा, जे जैन आहेत.

कुणीतरी गावातला शहाणा एकदा विचारून बसला, शेठ, तुम्ही इकडे कसे? शेठ शांतपणे म्हणाले, "मन्हा देव येगळा शे. पन हाई डिपार्टमेंट याना बापनं शे."

वायुपुत्र आहे ना. बापाच्या खात्यातलं काम मुलाकडूनच करून घ्यावं लागतं, हे व्यापारी माणसाला सांगावं लागत नाही.

नारळ फोडताना शेठ हात जोडून एकच वाक्य बोलतात, "मारुतीराया, पाव्हण्याला ओमानला जाऊ दे." एकदा सुमनमावशीने शंका काढली की त्या ओमानवाल्यांनी आपलं काय घोडं मारलंय. आबांनी विचारलं, तिकडे मिरची वाळवतात का? शेठ म्हणाले, नाही, खजूर होतो. आबा म्हणाले, मग पिऊ दे बिचाऱ्या खजुराला पाणी. विषय संपला.

* * *

पण नवस पावला म्हणजे नुकसान होत नाही असं नाही. एका वर्षी पाव्हणा सरळ गुजरातच्या रोखाने निघाला. आम्ही धावपळ करून सगळ्या मिरचीचे ढीग लावले आणि ताडपत्र्या टाकल्या. ओली मिरची, वरून ताडपत्री, आणि पाव्हणा वाटेत विचार करत थांबला. आमच्याकडे कडक ऊन. खाली मिरचीला घाम फुटला. ताडपत्रीचं टोक उचललं की असा वास, की रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवाला शिंकत शिंकत पुढे जायचा. मग पाव्हणा वळला आणि ओमानला गेला. थेंब नाही पडला. वरचा थर वाचला, खालचा सगळा कुजला.

शेठ म्हणाले, "पाऊस आला असता तरी चाललं असतं. निदान ताडपत्रीला काम केल्यासारखं वाटलं असतं."

तेव्हापासून शेठ ताडपत्रीच्या नावाने चिडतात. अगदी पाणी तोंडावर आल्याशिवाय काढू देत नाहीत.

* * *

सुमनमावशीचा मुलगा योगेश जहाजावर आहे. पुरुषोत्तमनगरकडे फिटरचं काम शिकला, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना मालवाहू जहाजाच्या इंजिनखात्यात लागला. तो गेला तेव्हा मावशी आठवडाभर कुणावर ओरडली नाही. पथारी सुनी सुनी वाटली.

मग त्याचा फोन यायला लागला. वायफाय मिळालं की व्हिडिओ कॉल. आणि गंमत बघा, समुद्राच्या मधोमध असलेला हा पोऱ्या नंदुरबारच्या आईला विचारतो, "माय, वातावरण कसं शे?" कारण वर कॅप्टनला सगळं दिसतं, खाली इंजिनवाल्यांना कोण सांगत बसतंय? त्यांना हलायला लागलं की कळतं. मावशी मग शेठच्या मोबाईलमध्ये बघून सांगते. लाल शे, पिवळं शे, हिरवं शे.

एकदा म्हणाली, "सकायले लाटा मोठ्या शेत. वरण खाऊ नको, सांडी जाई. खिचडी खाय."

योगेशने हे तिथल्या स्वयंपाक्याला सांगितलं. तो कुठल्या तरी लांबच्या बेटावरचा माणूस. त्याने ऐकलं, सूप रद्द केलं, सगळ्यांना घट्ट भात दिला. दुसऱ्या दिवशी जहाज असं डोललं की ताटं सरकत गेली, पण सांडलं काही नाही. तेव्हापासून तो स्वयंपाकी रोज योगेशला विचारतो, आई काय म्हणते?

मावशीला हे सांगताना फार आवडतं. आम्हाला ऐकताना फार आवडतं. म्हणून तो किस्सा आमच्याकडे दर हंगामात नव्याने होतो.

* * *

आता मागच्या हंगामाचं सांगतो.

मिरची अशी आली होती की बघत राहावं. आबांच्या रानात कित्येक वर्षांत इतकी लागली नव्हती. दोन्ही मैदानं भरून लालभडक, आणि वाळायला थोडीच बाकी. आबांनी त्या पैशांवर नातीचं लग्न धरलं होतं. आणि पाव्हणा उठला. मोठा. ॲपमध्ये लाल रंगाच्याही पुढचा जांभळा रंग दिसायला लागला. खात्याने दोन वाटा दाखवल्या होत्या, एक गुजरातकडे, एक ओमानकडे. कुठली धरेल सांगता येत नाही.

सकाळी आम्ही सगळे देवळाशी जमलो. बायाही काम सोडून आल्या. शेठनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सवयीने सुरुवात केली, "मारुतीराया, पाव्हण्याला ओमान..."

आणि थांबले.

कारण मावशी समोर उभी होती, मोबाईल हातात घट्ट धरून. योगेशचं जहाज ओमानच्याच बंदराकडे निघालेलं होतं. आदल्या दिवसापासून त्याचा फोन नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि नारळ हातात येईपर्यंत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मला खाली बघावंसं वाटलं, तर खाली मिरची.

मावशीच म्हणाली, "म्हना शेठ. मिरची सगळासनी शे. पोऱ्या मन्हा एकलीना शे."

शेठनी आबांकडे बघितलं. आबांनी मैदानाकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग टोपी काढून हातात धरली आणि मान हलवली.

शेठनी पुन्हा डोळे मिटले. "मारुतीराया, यंदा पाव्हनाले आठेच येवू दे. आमनाकडे ताडपत्र्या शेत."

आणि पाव्हण्याला इथेच बोलावून नारळ फोडला. मग आमच्याकडे वळून खेकसले, "देखी काय ऱ्हायनात? काढा."

ताडपत्र्या निघाल्या. शेठनी स्वतः एक टोक धरलं, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. ढीग लागत होते, सगळे शिंकत होते, मावशीला रडू येत होतं की मिरची झोंबत होती ते कळायला मार्ग नव्हता. दुपारी शेवटच्या ढिगावर दगड ठेवत असताना तिचा मोबाईल वाजला. तिचे हात मिरचीने माखलेले, म्हणून मीच बटण दाबलं आणि तिच्यासमोर धरला. चित्र अडकत होतं, आवाज येत होता.

"माय, वातावरण कसं शे?"

मावशीने कोपराने डोळे पुसले.

"तू जेवी ले, बेटा. पाव्हना आठे येई ऱ्हायना. शेठनी बलायेल शे."