मातृभाषेचा रकाना

आमच्या डिचोलीच्या अभ्यास मंडळाचं सभासद-रजिस्टर दर नवरात्रात सरस्वतीपुढे पुजलं जायचं. खाली पाट, वर झेंडूची फुलं, बाजूला मंडळाने जमवलेल्या जुन्या पोथ्या. पुजलेलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही असा नेम होता. वर्षातले तेवढेच दिवस त्यातली माणसं सुखरूप असायची, असं मी आता म्हणते, आणि रागानेच म्हणते.

मंडळ तसं नावाजलेलं. देवळांतले शिलालेख उतरवून घ्यायचे, गावोगाव फिरून बायकांकडून धालोच्या नाचाची गाणी लिहून घ्यायची, असली कामं. चिटणीस एक निवृत्त मास्तर होते. मी सर्वणची, नुकती बी. ए. झालेली. अक्षर बरं म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्या हाती दिलं. सभासदाने भरलेल्या फॉर्मवरून त्यात उतरवून घ्यायचं, एवढंच काम. नाव, पत्ता, जन्मगाव, माहेर, कुळदेवत आणि शेवटी मातृभाषा. कोणत्या घरी गाणी लिहून घ्यायला कोणाला पाठवावं हे कळायला तो रकाना ठेवलाय, असं मास्तर सांगत. मला ते पटलं होतं. चांगल्या कामासाठी विचारलेलं माणूस सांगतंच.

माझ्यामुळे आमच्या वाड्यावरच्या एक बाई सभासद झाल्या. माहेर इब्रामपूरचं, लग्न होऊन सर्वणला आलेल्या, डिचोलीजवळच्या एका खाजगी मराठी शाळेत शिकवायच्या. सहा वर्षं दर जूनला नवी तात्पुरती ऑर्डर. नवरा शिरगावच्या खाणीवर होता, पाठीला मार बसल्यापासून घरीच. आता शाळेत एक जागा कायम व्हायची होती आणि ती बाईंनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. बाईसुद्धा.

फॉर्म त्यांनी माझ्यासमोर भरला. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"घरांत उलयतां ती एक, देवाकडेन उलयतां ती दुसरी," त्या म्हणाल्या. "एका रकान्यांत खंयची बरोवं गो?"

दोन्हींतली कोणती एक लिहावी हे ठरेना, म्हणून तो रकाना त्यांनी कोरा ठेवला. विसरून नव्हे, विचार करून. आमच्याकडे निम्म्या घरांची तीच गत होती. भांडायचं कोंकणीत, पत्र लिहायचं मराठीत, आरती मराठीत आणि पोराला रागावायचं पुन्हा कोंकणीत. कोणाचं काही अडत नव्हतं.

रजिस्टरमध्ये उतरवताना मी मास्तरांना म्हटलं, इथे बाईंनी काही लिहिलेलं नाही.

"रिकामो रकानो बरो दिसना गो," मास्तर म्हणाले. "तिच्या माहेरांत कोंकणीच उलयतात. माका खबर आसा. बरय तूं."

मास्तरांना तालुक्यातली सगळी घरं ठाऊक होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. कोणी रकाना कोरा सोडला की ते तो स्वतःच्या माहितीने भरून टाकत. त्यात त्या माणसाला मदतच होते, असं त्यांना मनापासून वाटायचं. मी लिहिलं. ‘कोंकणी’, सुवाच्य, टपोऱ्या अक्षरात.

मग राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळण्याआधीची ती वर्षं. रस्ते अडवले जात होते, कालपर्यंत एका पंगतीत जेवलेली माणसं एकमेकांना टाळत होती. नेमक्या त्याच वर्षी मास्तरांच्या मनात आलं, सभासदांना एकमेकांचे पत्ते असावेत. मी म्हटलं, मग नाव-पत्ताच घेते. ते म्हणाले, सगळे रकाने घे, अभ्यासाला उपयोगी पडेल. मी माझ्याच अक्षरात स्टेन्सिल कापली आणि सायक्लोस्टाइलवर प्रती निघाल्या. सभासदांना वाटून काही उरल्या. त्या मास्तरांनी मागेल त्याला दिल्या. एका बाजूचे लोक आले, त्यांना दिली. दुसऱ्या बाजूचे आले, त्यांनाही दिली, म्हणजे कोणावर अन्याय नको. समोरचा कागद कशाला मागतोय, हा प्रश्न काही त्या विद्वान माणसाला पडला नाही.

एक प्रत बाईंच्या शाळेच्या कमिटीत पोचली. कमिटी कट्टर मराठीवाली. दोघांनी बाईंना बोलावून यादी पुढे ठेवली. मातृभाषा कोंकणी म्हणून नोंदवता आणि मराठी शाळेत कायम व्हायचं म्हणता? बाई म्हणाल्या, मी काही लिहिलंच नव्हतं. ते हसले. अभ्यासू लोकांचं रजिस्टर खोटं बोलतं काय? वड्याचं तेल असं वांग्यावर निघालं. पुढे जागा दुसऱ्याला गेली आणि जूनला बाईंची तात्पुरती ऑर्डरही आली नाही.

कमिटीने बाईंना बोलावल्याचं मला कळलं तेव्हा जागा अजून भरली नव्हती; तशीच मी मास्तरांकडे गेले. माझा आवाज चढला होता.

"गुपित तें किदें त्यांत?" ते म्हणाले. "गांवभर खबर आसा. आनी दिली ती आपल्याच माणसांक."

गावाला ठाऊक असणं वेगळं. गावाला बाईंची कोंकणी ठाऊक होती, तशा त्यांच्या मराठी आरत्याही ठाऊक होत्या, नवऱ्याची पाठही ठाऊक होती. कागदावर यातलं एकच उतरलं आणि तेवढंच कमिटीच्या खिशात गेलं. हे मी मास्तरांना नीट सांगू शकले नाही. तावातावाने बोलले आणि निघून आले.

मंडळाच्या सभेत मी मागणी केली, तो रकाना रजिस्टरमधून खोडा आणि बाईंना मंडळाच्या कागदावर पत्र द्या की ही नोंद त्यांची नव्हे. दीड तास चर्चा झाली. मातृभाषेचा प्रश्न किती नाजूक आहे यावर एक वकील छान बोलले. शेवटी ठरलं की दस्तऐवजात खाडाखोड करणं मंडळाच्या शिस्तीत बसत नाही. दुसऱ्याचा कोरा रकाना भरणं शिस्तीत बसत होतं. पत्राचा विषय पुढच्या सभेवर गेला आणि मग चहा आला.

त्याच संध्याकाळी मी फायलीतून बाईंचा मूळ फॉर्म काढला, कोणालाही न विचारता. त्यावर तो रकाना अजून कोराच होता. कमिटीला दाखवायला हा पुरावा पुरेसा होता, म्हणून मी तो घेऊन बाईंच्या घरी गेले.

बाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. हात पुसून त्यांनी फॉर्म घेतला आणि रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मियां बरोवंकच ना," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणूंक लागले तशें माकाच दिसूंक लागिल्लें, बरयलें आसतलें मियांच."

लोकांचं ऐकून ऐकून आपणच लिहिलं असेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं. मग मी सांगितलं. मास्तरांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्या दिवशी नको म्हणू शकले असते, किंवा निदान घरी येऊन तुम्हाला विचारू शकले असते, वाटेवरच तर घर होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. फॉर्मची घडी घातली.

"तुजें अक्षर कमिटीन कागद दाखयलो तेन्नाच वळखलें," त्या म्हणाल्या. "माका दिसलें, तूं येतली आनी सांगतली. रोज वाट पळयतालें."

जागा तोवर भरली होती. पहिल्याच आठवड्यात मी कमिटीकडे जाऊन खरं सांगितलं असतं, तर कमिटीने कदाचित ऐकलंही असतं. ते दोन महिने मी मास्तरांवर रागावण्यात घालवले.