केसाच्या सावलीतला उजेड

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर बाईंबद्दल चार चांगले शब्द लिहून मी पुन्हा एकदा सुटून जाईन.

बाई अंबरपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. सुलतान बाजारजवळच्या एका शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवायच्या. काहीही बिघडलं की पदर कमरेला खोचून म्हणायच्या, "दोष कुठं आहे ते बघू." फ्यूज उडो, कुकरची शिट्टी अडो, की माझी स्कूटर रुसो.

माझी बायको लगेच माझ्याकडं बोट करायची. "बाई, ह्यांनीच केलं असणार काहीतरी."

"कुणाचा ते नको गं विचारू," बाई म्हणायच्या. "कुणाचा विचारलं की माणसं लपवायला लागतात. कुठं आहे तेवढंच बघायचं."

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. आपल्याला वाटतं, ते कायम वरच्या मजल्यावर असणारच आहे.

तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती. कुकटपल्लीच्या ज्या औषध कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, तिथंही परदेशी खोकी उतरू लागली होती. बाईंच्या भाच्यानं सिंगापूरहून त्यांना एक लेझर डायोड पाठवला. शर्टाच्या बटणापेक्षा लहान वस्तू. बाईंनी पितळेची नळी कापून आणली, मागं बॅटऱ्या जोडल्या, पुढं हरभऱ्याएवढं भिंग बसवलं. आमच्या घरात एक लांबलचक अंधारा बोळ होता, म्हणून सगळा खटाटोप आमच्याकडंच चालायचा.

पहिल्यांदा तो लावला ती संध्याकाळ मला अजून दिसते. "नळीत कुणी डोकवायचं नाही हं, डोळा जाईल," असा दम देऊन बाईंनी बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. मग त्यांनी बायकोला ऊद जाळायला सांगितला. धूर बोळात पसरला आणि हवेत एक लाल रेघ उभी राहिली. ताणलेल्या तारेसारखी सरळ. बायकोनं नकळत हात जोडले.

"देवाचं काही नाही गं यात," बाई हसल्या. "पण हात जोडलेस ते बरोबरच केलंस."

बाईंना ती रेघ त्यांच्या वर्गाला दाखवायची होती. मराठीचा वर्ग आटत चालला होता. त्याच इमारतीत इंग्रजी माध्यम भरायचं, आणि बाईंची मुलं जिन्यात त्या पोरांना वाट देऊन भिंतीला चिकटून उभी राहायची. दसऱ्याची सुट्टी संपली की शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. "एकदा तरी सगळ्या शाळेनं आमच्या टेबलाशी रांग लावली पाहिजे," बाई म्हणायच्या. बाकी काही त्यांनी कधी मागितलेलं मला आठवत नाही.

दसऱ्याला त्या दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. नळी आमच्याकडं होती.

आमच्या घरात खंडेनवमी चुकत नाही. आजोबा नांगराचा फाळ पुजायचे, मी स्कूटर, पाना, पक्कड पुजतो. त्या वर्षी पाटावर बाईंची नळीही ठेवली. मनापासून ठेवली. देवाच्या कपाळी लावतो तसं तिच्या तोंडाशी हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं. संध्याकाळी आवरताना बघतो तर भिंगावर कुंकू सांडलेलं. मी अंगठ्यानं पुसलं. डोक्याला खोबरेल चोपडून झालेला तोच हात. भिंग चकचकीत दिसलं, मी निर्धास्त झालो.

बाई नागपूरहून उतरल्या त्या थेट शाळेत, प्रदर्शनाला. नळी मीच स्कूटरवरून नेऊन दिली आणि बघायला थांबलो.

पडद्यावर ठिपका उमटलाच नाही. लालसर डाग उमटला, त्याला चहूकडून झिपऱ्या फुटलेल्या. बाईंनी प्रयोगासाठी उजेडात स्वतःचा एक केस धरला, पण पडद्यावर जे दिसायला हवं होतं त्याऐवजी नुसता धूसर लाल सडा.

इंग्रजी माध्यमातला एक पोरगा ओरडला, "टीचर, इससे अच्छी तो हमारे घर की टॉर्च है!" सगळे हसले. बाईंची मुलं खाली बघू लागली.

मला त्याच क्षणी अंगठा आठवला. मी गप्प राहिलो.

बाई मुलांना म्हणाल्या, "आज नाही जमलं रे. माझ्या जुळणीत चूक असेल." दोष कुणाचा हे मी त्यांच्या तोंडून त्या एकदाच ऐकलं, आणि तेही खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बोळात येऊन बसल्या. मी शेजारी. नव्या बॅटऱ्या घातल्या, फरक नाही. भिंतीवर कोरा कागद लावला, फरक नाही.

"डायोड गेला असेल का हो?" मी विचारलं. तो गेलेला असावा असं मला मनातून वाटत होतं, हेही लिहितो.

"थांबा हो. हा डाग लांबट दिसतोय ना, ते त्याचं मूळचं रूप आहे. या डायोडचा उजेड लांबटच निघतो. पण झिपऱ्या त्याच्या नाहीत. त्या कुणाच्या, ते उजेडालाच विचारू."

त्यांनी नळी स्थिर धरली आणि पुढचं भिंग तेवढं हलकेच फिरवलं. लांबट डाग जागचा हलला नाही. झिपऱ्या मात्र भिंगाबरोबर गोल फिरल्या. न उघडता, न बघता, उजेडानं स्वतः बोट दाखवलं होतं.

"भिंगात आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी बटण बंद केलं, भिंग काढून मोठ्या भिंगाखाली धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मीही वाकलो. तेलाचा पट्टा, आणि कडेला अडकलेला कुंकवाचा एक कण.

बाईंच्या घरात कुंकू नव्हतं. त्यांनी मान वर करून आमच्या देवघराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं.

"धुवून बघू," त्या म्हणाल्या.

रविवारी त्यांचा सगळा वर्ग आमच्या बोळात मावला. बाईंनी स्वतःचा एक पांढरा केस उपटून उजेडात धरला. केसाची सावली पडेल म्हणून आम्ही बघत होतो. तर सावलीच्या जागी सगळ्यात जास्त उजेड होता, आणि दोन्ही बाजूंना लाल ठिपके, मंद होत होत भिंतीच्या टोकापर्यंत गेलेले. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तुमचा केस एवढा मोठा?" मग सगळ्यांनी आपापले केस उपटायला घेतले.

पण शाळेची रांग लागली नाही ती नाहीच. पुढच्या वर्षी तो वर्ग बंद झाला. बाई निवृत्त होऊन भावाकडं नांदेडला निघाल्या.

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा होता. बाईंनी रुमालात गुंडाळलेली नळी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडंच राहू द्या. बोळ तुमचा आहे."

"अम्मा, गाडी छूट जाती," ऑटोवाला म्हणाला.

"रुको बाबा," बाई म्हणाल्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आजही त्या विचारणार नव्हत्या.

"बाई," मी म्हणालो, "कुंकू मी लावलं होतं. अंगठ्यानं पुसलंही मीच. मुलांसमोर तुम्ही दोष स्वतःवर घेतलात, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."