गोव्याला उतरून धुळ्याला

माझं काम शेतात नळ्या आखायचं. ठिबकचा आराखडा काढून देतो. विहीर कुठे, उतार कुठल्या बाजूला, केळीच्या ओळी किती, कुठल्या ओळीला पाणी आधी सोडायचं, हे सगळं कागदावर बसवायचं. यावलकडच्या बागांचे असे आराखडे मी पुष्कळ काढलेत आणि त्यातला एखादा चुकला तर मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. त्यामुळे लग्न ठरल्यावर हनिमूनसाठी जहाजाचं बुकिंग केलं, तेव्हा त्या सहा रात्रींचाही आराखडा काढायला बसलो. त्यात कुणाला हसण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

जहाज रविवारी संध्याकाळी मुंबईहून निघणार होतं. सोमवारी समुद्र, मंगळवारी लक्षद्वीपचं एक बेट, बुधवारी पुन्हा समुद्र, गुरुवारी गोवा, शुक्रवारी समुद्र आणि शनिवारी सकाळी परत मुंबई. म्हणजे जमिनीवर पाय ठेवायला दोनच दिवस. जहाजवाले त्याला शोअर एक्सकर्शन म्हणत. जळगावच्या आमच्या घरात त्याचं 'उतरायचं' झालं. "उतरायचं ठरलं का रे तुझं?" असं आई रोज विचारायची, मी जणू मोठ्या झाडावर चढून बसलो होतो.

आणि ते ठरणं सोपं नव्हतं. मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते लांब उभं राहतं आणि लहान बोटींतून माणसं गटागटाने नेतात. पहिल्या गटात गेलं तर बेटावर चार तास मिळतात, शेवटच्या गटात गेलं तर अडीच. त्यात काचेच्या तळाची होडी, तोंडाला मुखवटा बांधून पोवळी बघणं, नारळाच्या बागेतून सायकल, दीपगृह, यांतलं काहीतरी निवडायचं. मला पोहता येतं, लहानपणी असोद्याच्या मळ्यातल्या विहिरीत शिकलो. बायकोला येत नव्हतं. म्हणून तिच्यासाठी होडी, मग दोघांना दीपगृह, आणि लाटा मोठ्या असल्या तर काय, याचा वेगळा रकाना. गोव्याचंही तसंच. शुक्रवारच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'पूर्ण मोकळा. काही नाही.'

बायकोला सगळं विचारून करत होतो, असा माझा समज होता. ती धुळ्याची. लग्न होऊन दोन आठवडे झाले होते. संध्याकाळी मी लॅपटॉप तिच्याकडे वळवायचो आणि ती लक्ष देऊन वाचायची. होडी चालेल का म्हटलं की "चालेल" म्हणायची. दीपगृहाच्या पायऱ्या जास्त आहेत म्हटलं की "चढू की" म्हणायची. एकदा तिने स्वतःहून एक प्रश्न विचारला.

"शुक्रवारी जहाज कुठेच थांबत नाही का?"

"नाही. तो आरामाचा दिवस."

"बरं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करायला गेली. मीही पुढच्या रकान्याकडे वळलो. शहाणपणा जरा जास्तच होता त्या दिवसांत माझ्यात.

निघायला दहा दिवस राहिले असताना तिच्या काकांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात. सासऱ्यांचे ते थोरले भाऊ. मी कामावरून येऊन चहा घेत होतो.

"जवाईबापू, पोरले लेवाले आम्ही बुधवारले ई ऱ्हायनूत," नाना म्हणाले. मुलीला न्यायला बुधवारी येतो.

"कुठल्या बुधवारी, नाना?"

"आखाजीना पहिले जो बुधवार शे, तो. शुक्रवारले आखाजी शे ना."

मी कप खाली ठेवला. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. लग्न झालेली मुलगी त्या सणाला माहेरी जाते आणि पहिल्या आखाजीला तर जातेच जाते. तिला न्यायला माहेरचा माणूस येतो. हे खानदेशात पोरासोरांनाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मला आखाजी म्हणजे आमरस, पुरणाचे मांडे आणि लिंबाखाली पत्त्यांचा डाव. लग्नाची तिथी आम्ही पंचांगात बघितली, जहाजाची तारीख मात्र जहाजवाल्यांच्या वेळापत्रकात. त्या वेळापत्रकाला आखाजीशी काय घेणंदेणं.

आईला विचारलं तर ती बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं पीठ कालवता कालवता म्हणाली, "ती माहेरी असणार, मग आपण तारीख कशाला बघायची?" तिकडे सासूबाईंनी गृहीत धरलं होतं की सासरचे पंचांग बघूनच ठरवतील. दोन्ही घरं एकमेकांवर विसंबली आणि मधल्या जागेत मी जहाज आणून उभं केलं.

खरी गोष्ट त्याहून वाईट होती. माझे सासरे आदल्या पावसाळ्यात वारले होते. घरात मृत्यू झाला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, या रीतीमुळेच आमचं लग्न घाईने झालं. आणि आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सासऱ्यांची ही पहिली घागर होती. बायको त्यांची एकुलती एक.

मी आत गेलो. ती कपाटासमोर उभी होती. तिने फोन ऐकला होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं होतं, होडी की पोहणं. आखाजी की जहाज असं कुठे विचारलं?"

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मलाही भांडता आलं असतं. मी कुठल्याही शेतकऱ्याच्या बांधावर गेलो की आधी विहीर कुठे ते विचारतो, मगच कागद उघडतो. इथे कागद पूर्ण भरून झाला होता आणि विहीर मी विचारलीच नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो, म्हणून मी गच्चीवर जाऊन वाळत घातलेले बिबडे राखत बसलो.

रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. जेवणं झाल्यावर विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, "पैसे भरलेत, जा तुम्ही. सण काय, पुढच्या वर्षी येईल." त्या हे बोलताना आमच्याकडे बघत नव्हत्या. नानांनी तर प्रश्न निकालातच काढला.

"घागर मी भरसू. तू समुद्र देखी ये, पोरी. तसं बी ते गडीमाणसनं काम शे."

घागर भरणं हे पुरुषांचं काम, हे ऐकून बायको ताटं उचलून आत गेली. थोड्या वेळाने मीही गेलो. मागच्या दाराशी एक लोखंडी चावी भिंतीला टेकून उभी होती, कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा. सासरे गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं काम करत. रस्त्यातल्या झाकणाखाली ती चावी घालून फिरवायची की त्या भागाच्या नळांना पाणी येई. लग्न ठरण्याआधीच ते गेले, त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"शाळेत जायच्या आधी मी आबांबरोबर जायची," ती म्हणाली. "झाकण ते उचलायचे. चावीचे शेवटचे दोन फेरे मला फिरवू द्यायचे. मग घराघरातून बादल्यांचा आवाज यायचा. आबा म्हणायचे, बघ, तू पाणी सोडलं." आणि मग चावीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाली, "त्यांना पाणी मला द्यायचंय. नानांनी नाही."

एवढं सलग ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

संध्याकाळी आम्ही जळगावला परतलो. घरी आल्यावर लॅपटॉप उघडला. बुकिंग रद्द करू का विचारलं तर ती म्हणाली, "नको. आबांना मी सांगितलं होतं, लग्न झालं की समुद्र बघेन." मग मी पुन्हा पहिल्यापासून वेळा मांडल्या. गुरुवारी सकाळी आठला जहाज गोव्याला लागतं. गोव्याहून जळगावला विमान येतं, रोज नाही, पण गुरुवारी येत होतं. दुपारचं. जळगावहून धुळं दोन तास. शुक्रवारी सकाळी आम्ही धुळ्यात असू शकत होतो.

जहाजवाल्यांना फोन लावला. पलीकडे एक मुलगी हिंदीत गोड बोलत होती.

"सर, गोवा में कौन सा एक्सकर्शन लेंगे?"

"हमारा अपना है."

"ठीक है सर. शाम पाँच बजे तक जहाज पर वापस आना होगा."

"वापस नहीं आना है."

तिने मला थांबायला सांगितलं. मग तिने फोन वरिष्ठांना दिला, वरिष्ठांनी एक अर्ज पाठवायला सांगितला. मधल्या बंदरावर कायमचं उतरायचं तर आधी परवानगी लागते. अर्जात कारणाचा रकाना होता. मी त्यात आधी 'सण' लिहिलं, मग 'श्राद्ध', मग दोन्ही खोडून 'घरगुती कार्यक्रम' लिहिलं. परवानगी तिसऱ्या दिवशी आली. आराखड्यातल्या गोव्याच्या रकान्यातून मी किल्ला आणि चर्च काढलं आणि तिथे लिहिलं, 'धुळे.' पोहोचायची वेळ लिहिली. परत जहाजावर येण्याच्या वेळेपुढे रेघ मारली.

बायकोला दाखवलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच माझ्या आराखड्यात एक दुरुस्ती सुचवली. "विमानतळावरून येताना डांगर घेऊ. घागरीवर ठेवायला." आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. मी लगेच त्याचा रकाना केला.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. बेटाच्या दिवशी लाटा होत्या, आमच्या गटाची वेळ पुढे ढकलली आणि दीपगृह राहिलं. होडीच्या काचेतून पोवळी दिसली. ती वाकून बघत राहिली आणि मी तिच्याकडे. गोव्याला सगळे प्रवासी लहान पिशव्या घेऊन उतरले, आम्ही दोन मोठ्या बॅगा घेऊन. दारावरच्या माणसाने कागद बघून विचारलं, जहाज आवडलं नाही का. मी म्हटलं, आवडलं.

शुक्रवारी सकाळी धुळ्याच्या घरात नाना आंघोळ करून तयार होते. ओटा धुतलेला, ओसरीत कोरी घागर मांडलेली, शेजारी आदल्या संध्याकाळी जळगावात घेतलेलं डांगर. आखाजीला आधी उंबरठ्याची पूजा होते. घरातल्या गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. नाना खाली बसले. पणजोबांचं नाव घेतलं, बोट ओढलं. आजोबांचं घेतलं. आपल्या वडिलांचं घेतलं, आईचं घेतलं. सवयीने भराभर चाललं होतं. मी बायकोकडे बघत होतो आणि ती घागरीकडे. इतक्या खटपटी करून आलो, आणि घागर नानाच भरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही.

नानांनी पाचव्यांदा बोट कुंकवात बुडवलं आणि ते तसंच राहिलं. ओठ हलले. धाकट्या भावाचं नाव गेलेल्यांत घ्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. सासूबाई दाराच्या आत उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. कुंकवाची वाटी तशीच पडून होती.

बायको पुढे होऊन नानांच्या शेजारी बसली. बोट बुडवलं आणि नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. चार बोटांच्या शेजारी पाचवं बोट उमटलं.

नानांनी त्या बोटाकडे बघितलं. मग टॉवेलातूनच म्हणाले, "घागर बी तूच भर."

मागच्या अंगणातल्या टाकीतून कळशी भरून मी आणली. एवढंच माझं काम होतं. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि घागरीत हळूहळू ओतू लागली. पाणी काठापर्यंत आलं तरी ती थांबेना. काठावरून ओघळलं, जमिनीवर पसरलं, उंबरठ्याकडे गेलं. मला रडू आलं आणि ते लपवायला माझ्याकडे टॉवेलही नव्हता. ती वर न बघता म्हणाली, "अजून एक कळशी आणा."

मी आणायला गेलो.