काचेवरच्या लंगड्या गोळ्या
शिवणयंत्रात तेल सोडलं की मला रायफलीचा वास येतो, आणि पाठोपाठ नागपुरातलं ते उन्हानं तापलेलं मैदान आठवतं. तेव्हा मी कॉलेजात होते. पोलिओनं डावा पाय वाळलेला. पण रायफल चालवायची ती पालथं पडून, तिथे पाय कोण विचारतो, म्हणून तर मी या खेळात शिरले होते. संघ निवडायच्या दिवशी आमचे नेमबाजीचे सर टेबलावर काच आडवी ठेवून तिच्यावरून एकेक गोळी घरंगळवत होते. सरळ गेली ती दूरच्या निशाण्याला चांगली. जिचं टोक डगमगलं ती 'लंगडी', ती गंजक्या डब्यात. सगळ्यांना चांगल्या गोळ्या वाटून झाल्यावर त्यांनी तो डबा माझ्याकडे सरकवला. "लंगड्या लंगडीले. जोडी जमली!" पोरं खो खो हसली. मी विचारलं, "काहून जी सर, मलेच काहून ह्या?" "तुले का फरक पडते वं?" मी त्याच झाडल्या. निशाण्याच्या कागदावर भोकं विखुरली. सरांनी तो कागद सगळ्यांसमोर उंच धरला, "पाहा, पायाचा दोष हातात उतरते." संघ माझ्याविना गेला. परवा शहरातल्या महाल भागात सर दिसले, काठी टेकत, एक पाय ओढत. रस्ता ओलांडायला त्यांनी आधारासाठी माझ्याकडे हात केला, ओळखलं नसावं. मी जागची हलले नाही. त्यांचं चालणं काचेवरच्या गोळीसारखं नीट निरखलं, आणि मनातल्या मनात त्यांना त्या गंजक्या डब्यात टाकलं.