नोंदवहीतली लाल रेघ

मित्रमैत्रिणींनो, तुम्हाला एक विचारायचंय.

आमच्याकडे तीन पिढ्या पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. रविवारी पप्पांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या उपासनेत मी आमची वंशावळ वाचणार आहे. म्हणून आज सकाळी सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये सभासदांची जुनी नोंदवही बघायला गेले.

पाळक म्हणून पणजोबांची सही पानापानावर होती. मी खुशीत फोटो काढत होते. तेवढ्यात वही सांभाळणारे काका म्हणाले, "ताई, हितं बगा की. हे बी नाव तुमच्याच घरातलं हाय."

'सगुणा, पाळकांची कन्या.' नावावर लाल शाईची रेघ. पुढे शेरा: 'मंडळीबाहेर लग्न केल्यामुळे नाव कमी केले.' मंडळीबाहेर, म्हणजे ख्रिस्ती समाजाबाहेर. खाली सही पणजोबांचीच!

पप्पा तर कायम सांगत आलेत, पणजोबांना मुलगी नव्हती.

तितक्यात पप्पांचाच फोन. "सापडलं का गं सगळं?"

"हो. सगळंच सापडलं."

पप्पा हळूच म्हणाले, "रेघ दिसली ना? आत्या होती ती माझी. रविवारी तेवढं नाव घेऊ नकोस."

घरी येऊन वंशावळीत सगुणाचं नाव लिहिलंय. रविवारी पप्पा पहिल्याच बाकावर बसणार. ते नाव गाळलं, तर ही दुसरी रेघ माझ्या हातची असेल.

तुम्ही ते नाव वाचलं असतंत?